सत्तावीस खात्यांची आवक

२ मार्च, सोमवार

निवृत्तीनंतरचा पहिला कामाचा दिवस. म्हणजे इतरांच्या कामाचा. सकाळी साडेनऊला कपडे करून, डबा मागायला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ही म्हणाली, "अहो, निघालात कुठे?" मग आठवलं.

चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, शिक्का, तारीख, वेळ. माझ्या टेबलावरून कागद गहाळ झाला असं माझा वैरीही म्हणणार नाही. आता घरात येतं काय, तर दूध.

दुपारी जीव रमेना म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिले. तांदूळ १, साखर ८, असे एकोणतीसपर्यंत. यादी भिंतीवर लावली. संध्याकाळी चहा खारट झाला, पण नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतोच. त्यानंतर ही आतल्या खोलीत दार लोटून लेकीशी फोनवर बोलत होती. "तू ये आणि ह्यांचं काहीतरी कर," एवढंच ऐकू आलं. बहुधा माझ्या वाढदिवसाचं काहीतरी ठरत असावं. तो जुलैत आहे.

४ मार्च, बुधवार

लेक आली आणि तिने माझं आयुष्य बदललं. यात तसूभरही अतिशयोक्ती नाही.

ती म्हणाली, "बाबा, कागद येत नाहीत म्हणूनच करमत नाही ना तुम्हाला? मग येतील." तिने संगणक उघडला. सरकारी खात्यांच्या पानांवर कोपऱ्यात एक छोटा नारिंगी चौकोन असतो, त्यात पांढऱ्या कमानी. मी तो कितीदा तरी पाहिला होता, मला वाटायचं शोभेचा आहे. त्याला फीड म्हणतात. त्याचा पत्ता घ्यायचा आणि आपल्या वाचायच्या ॲपमध्ये टाकायचा. मग त्या खात्याने काहीही प्रसिद्ध केलं की ते आपोआप आपल्यापुढे हजर. रोज प्रत्येक खात्याच्या दारात जाऊन "काही नवीन?" असं विचारायला नको. अर्ज नको, ओळखपत्र नको. नकोसं झालं तर काढून टाकायचं, कारणही कोणी विचारत नाही.

"म्हणजे आवक," मी म्हणालो.

"आवकच."

"आपण होऊन येणारी? शिपायाशिवाय?"

"हो, बाबा. तारीख-वेळेसकट."

मला उठून खोलीत दोन फेऱ्या माराव्या लागल्या. चौतीस वर्षं शिपायांच्या नाकदुऱ्या काढल्या आणि तो चौकोन तिथेच होता! लेक म्हणाली, नगरपालिकेची चार-पाच खाती घ्या, पुरे. मी पाणी, रस्ते, दिवाबत्ती, उद्यानं, क्रीडा घेतली. मग म्हटलं वनं का नको? मत्स्यव्यवसाय का नको? हवामान, टपाल, पुराणवस्तू, जनगणना. एकूण सत्तावीस. हातचं राखून काम करायची मला सवय नाही.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढू ना?" काढ म्हटलं. मोठ्या कामापुढे डबे काय!

८ मार्च, रविवार

नवं रजिस्टर आणलं, लांबडं, लाल कापडी पाठीचं. रकाने आखले: आवक क्रमांक, खातं, विषय, प्रसिद्धीची तारीख व वेळ, उत्तर. चार दिवसांत अठ्ठ्याऐंशी नोंदी! वनखात्याने जखमी घुबड बरं करून सोडलं (क्र. १७). पुलाच्या कठड्याला रंग लागला (क्र. ३१). पुराणवस्तू खात्याला एक मडकं सापडलं, पण अर्धंच (क्र. ६०).

ॲपमध्ये "सगळं वाचलं" असं एक बटण आहे. एकदा दाबलं की सगळे न वाचलेले कागद वाचलेले ठरतात. मी त्याला बोट लावणार नाही. न वाचता तीस-तीस कागदांवर सह्या ठोकणारे साहेब मी जन्मभर पाहिले. त्यांच्यातला होण्यासाठी निवृत्त झालो का मी?

प्रत्येक बातमीखाली अभिप्राय पाठवायची सोय आहे. कागद आला की पोच ही द्यायचीच. म्हणून प्रत्येकाला उत्तर पाठवतो: "आपली बातमी मिळाली. वाचली. या घराची हरकत नाही." आमच्या कार्यालयात शेवटचं वाक्य "या कार्यालयाची हरकत नाही" असं असायचं. कुठलाही कागद पुढे जाताना ते लिहायचंच, हात आपोआप लिहायचा. तिथे फक्त घर घातलं. घुबडाच्या उत्तरात मात्र "आनंद वाटला" असं जादा लिहिलं.

१९ मार्च, गुरुवार

कीर्ती पसरते आहे. खालच्या न्हाव्याच्या दुकानात रोज अकरा वाजता मी ठळक बातम्या सांगतो. गिऱ्हाइकं दाढी झाल्यावरही बसून राहतात. न्हावी म्हणतो, "काका, तुम्ही आलात की खुर्च्या कमी पडतात." काल एकाला मी सांगितलं की त्याच्या गल्लीतले दिवे मंगळवारपासून बदलणार आहेत, तर तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?" मी नुसता हसलो. असं हसायला मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

हिला सांगितलं तर म्हणते, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." न्हाव्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "काकूंना सांगा, मी रिकामा नाही." त्याला थोडं लागलं असावं.

ही स्वतः मात्र सध्या फार खुशीत असते. गुणगुणते. जेवते तर माझ्या दुप्पट. माझ्या निवृत्तीचा आनंद तिला इतका होईल असं वाटलं नव्हतं.

२६ मार्च, गुरुवार

एक कोडं पडलं आणि मी ते सोडवलंही. गेल्या हिवाळ्यापासून ही रोज पहाटे सहाला तिच्या धाकट्या बहिणीकडे जाते. मेहुणीचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, सोबत लागते. आठला परत येते ती न्हाऊनच, केस ओले. म्हणते, तिच्याकडे गरम पाणी छान येतं.

आज पाणीखात्याकडून बातमी (क्र. ३९४): मेहुणीच्याच भागात जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे दहा दिवस सकाळचा पुरवठा बंद होता, आजपासून सुरू. मी हिला विचारलं, "मग दहा दिवस तू न्हायलीस कशी?" ही भांडी विसळत होती, ती तशीच विसळत राहिली. म्हणाली, "साठवलेलं असतं."

एवढं पाणी? दोघींचं? मी लगेच पाणीखात्याला कळवलं की आपल्या बातमीत चूक दिसते, त्या भागात पाणी येत होतं, माझ्या पत्नीचे केस याला साक्ष आहेत. अशा बारीकसारीक चुका दाखवायला कोणीतरी हवंच.

२ एप्रिल, गुरुवार

हिच्या घशाचं काहीतरी बिनसलंय. न्हाणीघरातून चमत्कारिक आवाज येत होता म्हणून डोकावलो, तर ही बादलीत तोंड बुडवून फुर्रर्र करत होती. मला पाहून म्हणाली, "गुळण्या." गुळण्या अशा करतात? रात्रीही झोपेत हात वल्ह्यासारखे मारते, काल एक माझ्या नाकावर बसला. डोळे लाल असतात. आरोग्यखात्याच्या फीडमधली सर्दीची माहिती (क्र. ४७७) छापून तिच्या उशाशी ठेवली.

९ एप्रिल, गुरुवार

कामाचा डोंगर! एका दिवसात एकोणतीस. जेवायला उठलो नाही. क्र. ६०३ उद्यानातल्या बाकांची मोजणी. क्र. ६०८ मत्स्यबीज. क्र. ६११ क्रीडा: जलतरण तलावाचं सकाळी साडेसहाचं महिलांचं सत्र हजेरी कमी असल्याने बंद करण्याचा प्रस्ताव, प्रसिद्धीपासून सात दिवसांत सूचना व हरकती मागवल्या. क्र. ६१२ डासांची फवारणी. सगळ्यांना उत्तरं गेली. संध्याकाळी मान धरली, पण समाधान काय सांगू!

१३ एप्रिल, सोमवार

आजची तारीख सोन्याच्या शाईने लिहायला हवी होती, पण पेन हेच आहे.

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी क्रीडा विभागाची बातमी आली (क्र. ७०२): "महिला सत्र बंद करण्याच्या प्रस्तावावर नागरिकांकडून एकूण एक अभिप्राय प्राप्त झाला. तो प्रस्तावास अनुकूल आहे. सबब १ मेपासून सत्र बंद करण्यात येत आहे."

एक अभिप्राय! एकूण एक! तो माझा! सरकारने विचारलं, मी सांगितलं, सरकारने केलं. चौतीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी खिडकी उघडली नव्हती. मी न्हाव्याच्या दुकानात गेलो आणि ते तीनदा वाचून दाखवलं. अर्धी दाढी झालेल्या एका माणसाने उठून माझा हात हातात घेतला.

रात्री जेवताना हिला वाचून दाखवलं. तिने हातातला घास खाली ठेवला.

"कोणी दिला तो अभिप्राय?"

"मी!" मी म्हणालो. "ओळख पाहू कसा?"

ती उठून बाल्कनीत गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. नवऱ्याचं नाव झालेलं पचवायला बायकांनाही जरा वेळ लागत असेल. मी तिचं ताट झाकून ठेवलं.

१४ एप्रिल, मंगळवार

आज लिहायला लाज वाटते आहे, पण कागद दडवायचा नाही हे मीच सगळ्यांना शिकवत आलो.

सकाळी ही मेहुणीकडे गेली नाही. चहा केला, माझ्यासमोर ठेवला. नऊच्या सुमारास मेहुणी स्वतःच आली. दोन मजले धाडधाड चढून आली, म्हणून मी म्हटलं, "वा! गुडघे सुधारले!"

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" ती म्हणाली. "भावोजी, ताईचा जीवच घ्यायचा होता तर सरळ घ्यायचा. सरकारमार्फत कशाला?"

मग सगळं बाहेर आलं. ही गेले चार महिने रोज पहाटे तलावावर जाते. पोहायला शिकते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी! तलाव पंचवीस मीटरचा. मधे दोरी आहे, तिच्यापुढे पाणी खोल. हिला दोरीपर्यंत जमतं, पुढे छाती धडधडते आणि ती दोरीला लटकते. तलावावर मेमध्ये घरच्यांनी येऊन बघायचा एक रविवार असतो. त्या दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं असं हिने ठरवलं होतं. आणि दिवसा एरवी पुरुष असतात, मुलांचे वर्ग असतात, हिला दुसरी वेळ नाही.

मी म्हणालो, "अगं, पण मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही कोष्टक केलं असतं," ही म्हणाली. "रोज विचारलं असतंत, आज किती मीटर. कमी पडले की लाल शाई."

मी नाही म्हणणार होतो. पण तेव्हा माझ्या हातात तांबडं पेनच होतं.

"तुम्ही लेकीला नदीवर पोहायला शिकवलंत," ही म्हणाली. "आठवतं? दोन उन्हाळे. मी काठावर तुमचे कपडे आणि चपला धरून उभी. कधी म्हणालात, ये तूही? एकदा तरी?"

नाही म्हणालो. मला सुचलंच नाही. ती तेवढी लांब नव्हती, हाक मारली तर ऐकू गेली असती.

मग तिने रजिस्टर ओढून घेतलं, क्र. ६११ काढला आणि उत्तराच्या रकान्यावर बोट ठेवलं. "या घराची हरकत नाही. या घरात कोण कोण राहतं हो?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती म्हण माझ्यावरूनच पडली असणार. घुबडाचं मला कळतं, अर्ध्या मडक्याचं कळतं. मी न वाचता सह्या करणाऱ्या साहेबांना हसत होतो. प्रत्येक ओळ वाचून सही करणारा गाढव त्यांनी कुठे पाहिला असेल?

रात्री साडेनऊ. वरचं लिहून रजिस्टर मिटत होतो आणि क्र. ६११ च्याच ओळीवर नजर पडली. प्रसिद्धीची तारीख व वेळ: ९ एप्रिल, दुपारी ४.१२. हरकतींची मुदत प्रसिद्धीपासून सात दिवस. म्हणजे १६ एप्रिल! मग १३ तारखेला निर्णय लावला कसा यांनी? मूळ सूचना उघडली. खाली साहेबांची सही, तारीख ३ एप्रिल. यांनी सात दिवस सहीपासून मोजले! सहा दिवस कागद कोणाच्या तरी टेबलावर झोपला होता आणि त्याची झोपही मुदतीत धरली!

मी स्वयंपाकघरात धावत गेलो. "मुदत संपलेली नाही! परवा संध्याकाळपर्यंत आहे!"

हिने ओला हात पदराला पुसला आणि विचारलं, "परवापर्यंत काय काय होऊ शकतं?"

"तुझ्या सत्रात बायका किती?"

"एकवीस."

"बोलाव."

१५ एप्रिल, बुधवार

घरात बसायला जागा नाही. एकवीस बायका, त्यांच्या पोहण्याच्या बाई आणि मेहुणी, जी पोहत नाही पण भांडते चांगलं. एक परिचारिका, एक शिंपीण, एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक जण बेकरीतून सरळ आली ती हाताला पीठ लागलेलीच. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि आधी कबुली दिली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अंगठे धरून उभे राहा." खोली हसली, पण त्यांचा चेहरा हसल्यासारखा वाटला नाही.

मग मी माझी विद्या उघडी केली. म्हटलं, एकच मजकूर एकवीस वेळा लिहू नका. एकाच मजकुराची पत्रं आली की आम्ही ती दोऱ्याने बांधतो आणि गठ्ठ्याला एकच क्रमांक देतो. एकवीस बायकांची एकच हरकत होते. प्रत्येकीने आपल्या शब्दांत, आपलं कारण, आपल्या हाताने.

"कारण काय लिहायचं?" शिंपिणीने विचारलं. "मला पाण्यात बरं वाटतं, एवढंच आहे."

"तेच लिहा."

दुपारभर नुसती कुजबुज आणि पेनांची कुरकुर. परिचारिकेने लिहिलं की रात्रपाळीनंतर तासभर तिला कोणी हाक मारत नाही, फक्त तिथेच. एकीने लिहिलं, सुनेला वाटतं मी मंदिरात जाते, तरी कृपया हे पत्र प्रसिद्ध करू नये. बेकरीवालीने लिहिलं की हजेरी कमी दिसणारच: हजेरीचं पुस्तक कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई येतो आठ वाजता, आम्ही निघून गेल्यावर. मी ते वाचून तिच्या पाया पडायचाच राहिलो होतो! चार महिने एकवीस बायका पाण्यात आणि पुस्तकात शून्य!

हिचं पत्र तिने मला दाखवलं नाही. घडी घालून पाकिटात टाकलं, पाकीट चिकटवलं. मी मागितलंही नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी दहाला नगरपालिकेच्या आवक खिडकीवर आमची फौज. खिडकीमागे एक तरुण बाई, टेबल अगदी नीटनेटकं, शिक्क्याची गादी नुकतीच भरलेली. तिने पत्रं पाहिली आणि म्हणाली, "या विषयाची मुदत संपली आहे, काका."

मी रजिस्टर उघडून खिडकीत ठेवलं. "प्रसिद्धी ९ एप्रिल, ४.१२. तुमच्याच फीडवर. बघा."

तिने आपल्या संगणकावर बघितलं. मग माझ्या रजिस्टरकडे. मग माझ्याकडे. "तुम्हीच का ते? 'या घराची हरकत नाही'वाले?"

माझे कान तापले. ती उठून आत ओरडली, "अरे या, ते आलेत!" आतून चार डोकी बाहेर आली. म्हणे माझी उत्तरं ते रोज चहाच्या वेळी मोठ्याने वाचतात. पाणीखात्याला पाठवलेलं हिच्या केसांचं पत्र फळ्यावर लावलंय. फीड कोणी वाचतं की नाही याची त्यांना शंका होती, मार्चपासून ती फिटली. मी असा गोंधळलो की हसू की रडू कळेना. ही मागे उभी होती, तिने विचारलं, "माझ्या केसांचं कसलं पत्र?"

"नंतर सांगतो," मी म्हणालो.

आवकवाल्या बाईने मुदत मान्य केली. मग तिने पत्रांचा गठ्ठा उचलला आणि दोरा शोधू लागली. "दोरा नको!" मी ओरडलो. "मजकूर वेगळे आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक." तिने एक वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचून नाक ओढलं आणि शिक्का हातात घेतला. एकवीस वेळा ठप्प! मी जन्मात एवढं गोड काही ऐकलं नाही. बाविसावं पत्र माझं: दिनांक ९ एप्रिलचा माझा अभिप्राय मी मागे घेतो, तो घराला न विचारता दिला होता. तिने त्यावर शिक्का जरा जास्तच जोरात मारला असं मला वाटलं.

घरी येताना हिला केसांच्या पत्राचं सांगितलं. ती रस्त्यात थांबून इतकी हसली की तिला खांब धरावा लागला.

२१ एप्रिल, मंगळवार

काही नाही. मत्स्यखात्याचं आलं, पण वाचण्यात लक्ष लागत नाही. अंघोळीलाही फोन घेऊन जातो. ही रोज तलावावर जाते आहे, अजून दोरीपर्यंतच. तिने आपणहून सांगितलं. मी लिहून ठेवलं नाही, म्हणजे आत्ता लिहिलं तेवढंच.

२७ एप्रिल, सोमवार

आलं!! सव्वातीन वाजता! "महिला सत्र बंद करण्याचा निर्णय रद्द. एकवीस हरकती प्राप्त. हजेरीपुस्तक यापुढे सकाळी सहापासून तलावाच्या दारात उपलब्ध राहील."

मी खुर्चीवरून उठताना रजिस्टरवर चहा सांडला. ही आत कपड्यांच्या घड्या करत होती. तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि वाच म्हटलं. तिने दोनदा वाचलं, मग मला विचारलं, "उत्तर काय पाठवणार?"

"तू सांग," मी म्हणालो.

तिने स्वतः बसून, दोन बोटांनी, अक्षरं हुडकत उत्तर लिहिलं. "मिळालं. वाचलं. या घरातली एक जण फार आनंदात आहे." मी म्हटलं, दोघं लिही. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही लिहा." मग मी माझं वेगळं लिहिलं.

१७ मे, रविवार

घरच्यांनी बघायचा दिवस. लेक, मेहुणी आणि मी सहालाच काठावर. न्हावी दुकान बंद ठेवून आला, म्हणाला काकूंना दाखवायचंय की मी रिकामा असतो तेव्हा काय करतो. ही आली ती काळी टोपी, निळा पोशाख, आणि माझ्याकडे न बघता. मला तिची ओळखच पटेना. तीस वर्षं जिच्याशेजारी झोपतो तिचे खांदे इतके रुंद आहेत हे मला माहीत नव्हतं.

बाईंनी शिट्टी वाजवली. ही पाण्यात शिरली. पहिले हात छान, सावकाश. दोरी आली. लेकीने माझं मनगट इतकं आवळलं की अजून वळ आहे. ही दोरीजवळ क्षणभर थांबली, हात वर आला, दोरीकडे गेला आणि दोरी न धरता पलीकडे पडला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, मेहुणी म्हणते मी "आवक! आवक!" म्हणत होतो, पण मेहुणीवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

ती पलीकडच्या टोकाला पोचली. तिने कठड्याला हात लावला. सगळा काठ टाळ्या वाजवत होता, मुख्याध्यापिकाबाई तोंडाने शिट्या मारत होत्या, माझा चष्मा ओला झाला होता. आणि तेवढ्यात ही वळली. बाहेर आलीच नाही. भिंतीला पाय लावून निघाली ती परत, खोल पाण्यातून, सगळे पंचवीस मीटर! टाळ्या बंद पडल्या. मी काठाने तिच्याबरोबर धावू लागलो. पुन्हा शिट्टी वाजली, ती माझ्यासाठी होती, काठावर धावायला मनाई आहे.

ती उथळ पाण्यात उभी राहिली तेव्हा बाई रडत होत्या. म्हणाल्या, "दोन फेऱ्या! तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" ही दम खात हसली. सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. मी टॉवेल घेऊन पोचलो तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "तिकडची शिडी मोडलीय हो. बाहेर येणार कशी? यावंच लागलं परत."

घरी आल्यावर मी लगेच क्रीडा विभागाला कागद काढला: खोल बाजूची शिडी मोडकी, तत्काळ दुरुस्ती व्हावी. हिने तो वाचला आणि माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "राहू दे एवढ्यात. अजून वीसजणी जायच्यात पलीकडे."